भर दुपारची गोष्ट

४ ऑक्टोबर १९५३, रविवार

अच्युत गेला. कचेरी ग्वाल्हेरला हलली की फायलींच्या गाठोड्यांबरोबर माझा हा भाऊही हलतो. उन्हाळा इंदूरला, हिवाळा तिकडे. दोन राजधान्यांचं राज्य! या वेळी मुलांना मात्र मी ठेवून घेतलं. रघू आठ वर्षांचा, अरू पाचची. वर्षातून दोनदा शाळा बदलायची म्हणजे काय!

"ताई, तुझं लिखाण होणार नाही हं," अच्युत जिना उतरताना म्हणाला.

"मेलं लिखाण!" — माझ्या तोंडून निघून गेलं. नंतर स्वतःचंच नवल वाटलं.

संध्याकाळी दिवा लावल्यावर अरू माझ्यासमोर मांडी घालून बसली. म्हणाली, "गोष्ट?"

त्रेचाळीस वर्षांची मी. शाळेत मुलींना मराठी शिकवते. मासिकांतून माझ्या कथा छापून येतात. आणि मांडी घालून समोर बसलेल्या मुलाला गोष्ट मी आजवर सांगितलेली नाही! गांगरले. उठून माझीच छापील कथा काढली आणि वाचू लागले. दुसऱ्या पानावर अरू पालथी पडून फरशीवरच्या मुंग्या बघत होती. रघू सभ्य मुलगा. शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आत्या, ही मोठ्यांची आहे का? यात कोणी काहीच करत नाही."

खरं आहे. खिडकीशी उभी राहते, एवढंच करते माझी नायिका. सात पानं!

६ ऑक्टोबर

आज सुटले! गॅलरीतून समोर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, होळकरांच्या दगडी समाध्या, दिसतात. संध्याकाळी पोपटांचे थवे येऊन बसतात आणि नदीकाठ नुसता किलबिलतो. तिथे एक दगडी शिपाई कोरलेला आहे. अरूनं विचारलं, "तो घरी कधी जातो?"

बस्स. सुरू झाले. "आटपाट नगर होतं. तिथे एक दगडी शिपाई होता. उभा राहून राहून तो आपल्या घरची वाटच विसरला होता. एक दिवस पोपट त्याला म्हणाले, चल की घरी..."

गंगूबाई भांडी लावत होती. मूळ सिमरोल गावची ही बाई सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे कामाला येते, आणि मध्ये बोलल्याशिवाय तिला राहवत नाही. ती पदराला हात पुसत येऊन बसली. "बईजी, हूंकारो कोण दई रियो हे?"

मुलांना कळेना. तिनं समजावलं — गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं दर वाक्याला 'हं' म्हणायचं. हुंकार तुटला की गोष्ट रुसते, तिथल्या तिथे बसून राहते. एका वेळी एकानंच द्यायचा.

लगेच भांडण. शेवटी ठरलं — आज अरू, उद्या रघू.

दर वाक्याला एक छोटं 'हं'. माझ्या छापील कथांना असं कोणी कधी म्हणालं नव्हतं.

७ ऑक्टोबर

शिपायाला चपला हव्यात, असा अरूचा हुकूम आहे. अनवाणी कसा चालेल? दिल्या.

११ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सुट्टी म्हणून रघू पोळ्यांच्या वेळीच मागे लागला. "शिपाई सराफ्यात पोचला होता, पुढे सांग ना!" मी तोंड उघडलं, तोच गंगूबाई मोरीतून ओरडली —

"अरे नी नी! दन में वारता नी केवाय! मामो रस्तो भूली जाय!"

दिवसा गोष्ट सांगितली तर कुठेतरी वाटेवर असलेला मामा रस्ता चुकतो म्हणे.

"कोणाचा मामा?" अरू.

"जो सुणे उणको मामो."

मी हसले. "काहीतरीच तुझं, गंगूबाई!" पण रघू हसला नाही. एकदम उठला. "नको आत्या, रात्रीच सांग. दत्तूमामा कुठे प्रवासात असला तर?"

दत्तोपंत म्हणजे मुलांची आई रमा हिचे थोरले भाऊ. सागरला असतात. रमाला जाऊन दोन वर्षं झाली. रघू तिचं नाव कधी काढत नाही. पण मामा वाट चुकू नये, एवढी काळजी त्याला आहे.

१५ ऑक्टोबर

आज सेव आणली. पुडीचा कागद रघूनं सोडवून सरळ केला — कुठल्याशा हिंदी मासिकाचं अर्धं पान. तेलकट डागांतून त्यानं मोठ्यानं वाचायला घेतलं. एक सौदागर जहाजात बसला, तुफान आलं, आणि — कागद फाटलेला!

"आता?" अरू घाबरून.

"आता आपण," मी म्हटलं.

जेवण होईपर्यंत तिघांनी मिळून सौदागराला वाचवलं. रघूच्या मते त्यानं लाकडाची फळी धरली. अरूच्या मते त्याला माशानं पाठीवर घेतलं, आणि माशाला त्यानं सेव दिली. मला माशाचं पटलं. रघू रुसला. मग मासा आणि फळी दोन्ही ठेवलं!

आता दुकानातून येणारी प्रत्येक पुडी आधी वाचली जाते. डाळ डब्यात जायच्या आधी कागद रघूकडे. वाण्यालाही कळलंय. "बेनजी, बच्चों के वास्ते किस्सेवाला कागज लगाया है," म्हणाला.

२२ ऑक्टोबर, कोजागिरी

गच्चीवर दूध आटवलं. शिपाई घरोघर विचारत हिंडतोय — हे माझं घर का हो? कुणी म्हणतं, नाही बुवा. कुणी म्हणतं, नाही, पण जिलबी खाऊन जा. दगडी दातांनी जिलबी खाताना आवाज कसा येत असेल, ते रघूनं खडे घासून करून दाखवलं. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "क्या हो रिया है भिया!"

आज हुंकार अरूचा होता. 'हं' हळूहळू बारीक होत गेला. मग दोन वाक्यांना एक. मग नुसता श्वास. रघूनं तिला कोपर मारलं. झोपेतच ती एकदम म्हणाली, "हं हं हं हं!" — राहिलेले सगळे एकदम भरून टाकले!

इतकं हसणं या घरात कधी झालं होतं, आठवत नाही.

शिपाई घरी पोचणार का? मला माहीत आहे. पण सांगत नाही. शेवट राखून ठेवलाय. संपलं तर काय, अशी धास्ती मुलांपेक्षा मलाच.

२५ ऑक्टोबर

दत्तोपंतांचं कार्ड. भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं येतो, चार दिवस राहून मुलांना सागरला घेऊन जातो. अच्युतशी बोलणं झालंय. "आई वाट पाहते आहे. घरात चार भावंडं आहेत. आईविना पोरं आजोळीच वाढावीत, आपणासही पटेलच."

पटतं. हेच तर! एकाही शब्दाला हरकत घेता येत नाही. तिथे आजी आहे, मामी आहे, अंगण आहे. इथे काय — जिना, गॅलरी आणि शाळेतून दमून येणारी एकटी बाई. अच्युतनं मला आधी विचारायला हवं होतं, असं वाटलं. मग वाटलं, काय म्हणून? मी कोण? आत्या.

दर भाऊबीजेला दत्तोपंत ग्वाल्हेरला रमाकडे जायचे. रमा गेल्यावरही चुकवलं नाही. मुलांना ते मनापासून आवडतात. मला राग यावा असंही काही नाही त्या माणसात. फार अडचण आहे ही.

मुलांना सांगितलं. अरूनं विचारलं, "शिपाई पण येणार सागरला?"

रघू पुड्यांचे कागद एकावर एक रचायला लागला.

२६ ऑक्टोबर

मला मुलं हवी आहेत, की मला 'हं' म्हणणारं कोणी हवं आहे? हे आधी ठरव बाई.

२९ ऑक्टोबर

काहीतरी बिनसलंय. ज्या रघूला दिवसा गोष्ट नको होती, तोच सकाळी आंघोळीच्या वेळी म्हणतो, "आत्या, गोष्ट!" शाळेला निघताना, "एवढीशीच!" दुपारी घरी आल्याआल्या अरूही, "आत्ता! आत्ताच!" रात्री मात्र दोघं गुपचूप. म्हणे, झोप आली.

मी म्हटलं, "अरे, मामा वाट चुकेल ना?"

रघू खाली बघायला लागला. अरूच्या पोटात काही राहत नाही. "चुकायलाच पाहिजे! मग तो येणारच नाही. मग आम्ही इथेच!"

"गप ना अरू!" रघूनं तिला चिमटा काढला.

मी हसत स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळायला घेतली. मळलेलीच होती. परत मळली.

१ नोव्हेंबर

चकल्या केल्या. निम्म्या तुटल्या. मुलांचा आता सत्याग्रह चालू आहे. जेवायला बसले की, "गोष्ट सांग, मग जेवतो." मी ठाम. गोष्ट दिवे लागल्यावरच. मामा कसा बरा आहे, सागरहून चिरोंजीची बर्फी आणतो, आठवतं ना? दोघं 'हो' म्हणाले. बर्फी आवडते. मामाही आवडतो. वाट चुकल्यावर तो उन्हातान्हात हिंडेल याचं वाईटही वाटतं. अरूनं त्यावर तोड काढली — "शिपायासारखं त्यालापण कोणीतरी जिलबी देईल."

६ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पणत्या. छत्रीवरच्या शिपायापाशीही मुलं एक ठेवून आली. त्याला वाट दिसावी म्हणून.

७ नोव्हेंबर, पाडवा

आज भर दुपारी गोष्ट सांगितली.

गंगूबाई सणाची सुट्टी घेऊन सिमरोलला गेली होती. गल्ली सुस्त. दत्तोपंत एव्हाना गाडीत बसले असतील. मुलं पत्ते खेळत होती. काही मागितलंही नव्हतं त्यांनी. मीच म्हटलं, "या, बसा इकडे."

रघूनं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या उन्हाकडे.

सगळीच सांगितली. राखून ठेवलेला शेवटसुद्धा. शिपाई एका बोळात येतो, एका दारातून उजेड दिसतो. तो दार वाजवतो. आत पाट मांडलेला, ताट वाढलेलं. कोणीतरी रोज वाढून ठेवत होतं. तो जेवायला बसतो. परत छत्रीवर जातच नाही.

"पण छत्रीवर तर दिसतो!" रघू.

"तो नुसता दगड. आत शिपाई नाही आता."

दोघांनी मिळून हुंकार दिला. नियम मोडून. एक नियम मोडलाच होता.

का सांगितली, ते इथेही लिहीत नाही.

८ नोव्हेंबर, भाऊबीज

सकाळच्या गाडीला तिघं स्टेशनवर गेलो. गाडी रिकामी झाली. दत्तोपंत नाहीत.

अरूनं टाळ्या वाजवल्या. "चुकला! चुकला!" मीही हसले, खोटं कशाला बोलू? घरी येऊन ताटं वाढली. त्यांचं झाकून ठेवलं.

दुपारच्या गाडीला फिरून गेलो. नाहीत. उन्हात परत चालत येताना रघू सारखा मागे वळून बघत होता. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून बसला. अरू ओवाळायचं ताट घेऊन दोनदा आली. "नको," म्हणाला. "मामा आल्याशिवाय नको."

त्याच्याजवळ बसले. त्याचे खांदे हलत होते.

"आत्या, आपण केलं हे. तो आता सापडणारच नाही. आई..." एवढंच म्हणाला आणि थांबला.

 पटकन म्हटलं, "अरे, तसं काही नसतं रे वेड्या! दिवसा गोष्ट सांगितली म्हणून कोणी चुकत नाही. उगाच म्हणतात. ती गोष्ट आहे नुसती."

त्यानं वर पाहिलं. "मग रात्रीची? शिपायाची? तीपण उगाच?"

काय सांगणार? खरं सांगून शिपाई घालवू? खोटं सांगून याला रडत ठेवू? आणि स्वतःशी कबूल करायचं तर — शिकलेली, मुलींना शिकवणारी मी, दुपारपासून जिन्यावर पाऊल वाजलं की दचकत होते.

गंगूबाई सिमरोलहून नुकतीच परतली होती, दारात उभी होती. मी तिच्याकडे बघत, मनात येईल तसं बोलत गेले. "चुकलेल्या मामाला परत आणता येतं. दिवसा सांगितलेली गोष्ट दिवे लागल्यावर उलटी सांगायची. शेवटापासून सुरुवातीपर्यंत. ज्यानं ऐकली त्यानंच सांगायची. गोष्ट जशी मागे येते, तसा मामा मागे फिरतो. हो ना, गंगूबाई?"

तिनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "हां तो! म्हारी माँ बी योज केती थी."

(पुढे मोरीशी मला हळूच — "म्हारी माँ ने तो कदी नी कियो, बईजी! पण अच्छो बणायो.")

दिवा लावला. रघू माझ्या जागी बसला, दाराकडे पाठ करून. मी त्याच्या जागी. अरू माझ्या मांडीवर. शिपायाची गोष्ट आजवर हा मुलगा फक्त ऐकत होता. 

"शिपाई घरी जेवत होता."

"हं," मी म्हटलं. पहिल्यांदा कुणाला हुंकार दिला!

"त्याच्या आधी त्यानं दार वाजवलं."

"हं."

"त्याच्या आधी तो बोळात होता. त्याच्या आधी सराफ्यात. जिलबी खाल्ली होती ती परत कढईत गेली."

अरू खुदकली. रघूही थोडा हसला आणि वेग आला. शिपाई उलट्या पावलांनी घराघरांतून मागे येऊ लागला. अरूनं द्यायला लावलेल्या चपला काढून ठेवल्या. पूल ओलांडला. पोपट उडाले ते परत फांदीवर बसले. शिपाई छत्रीच्या भिंतीशी येऊन उभा राहिला. आणि तिथे माझ्या लक्षात आलं — अरे देवा, आता हा दगड होणार! काय उलटी गोष्ट सांगायला लावली मी या पोराला! घरून निघून दगडापाशी संपणारी!

पण रघू थांबला नाही.

"त्याच्या आधी," तो म्हणाला, "तो दगड झालाच नव्हता."

"हं."

"तो घरीच होता. लहान होता. त्याची आई पोळ्या करत होती."

मी गोष्टीत आई घातली नव्हती. कुठेच नव्हती ती.

"पहिली पोळी ती त्याला द्यायची. तूप लावून, गुंडाळी करून. गरम असली की फुंकर घालायची. मग तो खायचा. ती विचारायची, अजून एक?"

 हुंकार फुटेना. हुंकार तुटला की गोष्ट बसते, हे माहीत असून फुटेना.

"हं," दारातून आवाज आला.

दत्तोपंत. हातात पिशवी, कपडे धुळीनं माखलेले. गंगूबाईनं तोंडावर बोट ठेवून त्यांना उंबऱ्यातच थोपवलं होतं. किती वेळ उभे होते कोण जाणे. डोळे भरलेले.

रघूची पाठ ताठ झाली. पण वळला नाही. गोष्ट पुरी करायची होती ना! घाईनं, एका श्वासात म्हणाला, "आणि तिथे एक आटपाट नगर होतं!" — आणि मग धावला.

९ नोव्हेंबर

दत्तोपंत खरंच वाट चुकले! फतेहाबादला गाडी बदलायची असते. डोळा लागला, घाईत समोरच्याच गाडीत चढले, उठतात तर रतलाम! "ताई, दर उन्हाळ्यात मुलांना न्यायला येतो, डोळे मिटून येतो, असं कधी झालं नाही हो!"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडे. मी बर्फीचा डबा उघडण्यात गढले.

गंगूबाई भांडी घासता घासता गात होती. जरा जास्तच मोठ्यानं.

अरूनं आज एकाच ताटानं रघूलाही ओवाळलं आणि मामालाही. "आज भाऊबीज नाही गं," रघू म्हणाला. "वाट चुकलेल्यांची आज असते," अरू म्हणाली.

१० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी अजून आहे. मुलं गच्चीवर. दत्तोपंत गॅलरीत. मी चहा नेऊन दिला.

"रघू सागरला बोलत नाही," ते एकदम म्हणाले. "उन्हाळ्यात महिनाभर होता. हो, नाही, एवढंच. मला वाटलं, स्वभाव आहे."

मी बशी पुढे सरकवली.

"आमच्या घरात रमाचं नाव कोणी घेत नाही, ताई. आई रडते म्हणून. तिचा फोटोही आत ठेवलाय. पोरांना वाटत असेल, हे नाव इथे घ्यायचं नसतं." कप तसाच हातात धरून म्हणाले, "ती पोळीची गुंडाळी. मी लहानपणी तिला द्यायचो तशी करून. ती पुढे मुलांना देत होती, हे मला माहीत नव्हतं."

आत्ता म्हणायला हवं होतं — ठेवा मुलांना इथे! पण त्यांची आई तिथे नातवंडांसाठी डोळे लावून बसली आहे. त्या म्हातारीला मी काय देणार बदल्यात? आणि पाडव्याच्या दुपारी जे केलं ते केल्यावर कुठल्या तोंडानं मागायचं?

म्हटलं, "चहा गार होतोय."

संध्याकाळी गोष्टीला तेही बसले. हुंकाराची पाळी मागून घेतली. भारदस्त 'हं' देतात, कीर्तनाला बसल्यासारखा! मुलं लोळली हसून. शिपायाची गोष्ट संपली, म्हणून आता त्याच्या चपलांची सुरू आहे. रघू सांगतो, मी मध्येमध्ये.

११ नोव्हेंबर

पेटी भरली. लोकरीचे कपडे वर. अरूनं पुड्यांचे कागद भरायला लावले, सगळे — डाळीचा वास येणारे. अर्ध्या अर्ध्या गोष्टी. त्या पुऱ्या कोण करणार तिथे? रघू करेल. त्याला येतं आता. याचं सुख मानायचं, असं मी दिवसभर स्वतःला सांगितलं. थोडं मानताही आलं.

खरंच आलं. त्या दिवशी तो 'त्याच्या आधी' म्हणाला, ते मी कुठल्याच कथेत लिहू शकले नसते. तो माझ्यासमोर बसून म्हणाला. पुरे आहे की!

अरूनं विचारलं, "उद्या दिवसा सांगशील?"

"नाही," मी म्हटलं. "मामाला तुम्हाला घेऊन नीट जायचंय."

उद्या अकराची गाडी.

१२ नोव्हेंबर

टांगा स्टेशनशी थांबला. दत्तोपंत आपली पिशवी घेऊन उतरले. मुलांच्या पेटीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग टांगेवाल्याला म्हणाले, "भिया, ये पेटी वापस कृष्णपुरे छोड़ देना. और ये तीनों सवारी भी."

मला म्हणाले, "आईला मी समजावतो. उन्हाळ्यात तिलाच घेऊन येतो इथे. गोष्ट ऐकायला."

भर दुपार आहे. पेटी अजून उघडलेली नाही, जिन्याशीच आहे. मला राहवेना. म्हटलं, "चला, बसा! गोष्ट सांगते!"

अरूनं धावत येऊन माझ्या तोंडावर हात दाबला.

"आत्ता नको आत्या! मामाला अजून फतेहाबादला गाडी बदलायचीय!"